एका बाजूला गेलेले आकडे

प्रिय नलिनी,

नावाआधी काय लिहावे, यातच बराच वेळ गेला. ‘सौ.’ आता लिहिता येत नाही आणि ‘कै.’ लिहायला हात धजत नाही. म्हणून ‘प्रिय’ लिहिले. हे विशेषण तुझ्या हयातीत मी एकाही पत्रात वापरले नव्हते, असे तू लगेच म्हणशील. म्हण. खरेच आहे ते.

आज लिहितो आहे याचे कारण असे, की गेल्या गुरुवारी मी तुला न्यायला शाळेत आलो होतो.

होय, गेल्याच गुरुवारी! तुला जाऊन दोन वर्षे उलटल्यावर! इस्त्रीचा सदरा घातला, दाराला कुलूप लावले आणि चालत निघालो. सव्वापाचला शाळेच्या फाटकाशी, आपल्या ठरलेल्या जागी उभा राहिलो. दुसरी-तिसरीतली मुले बाहेर पडत होती. कोणाच्या हातात कागदाचा मासा, कोणाच्या नाकाला निळा रंग. मुले संपली तरी तू आली नाहीस, तेव्हा मी नेहमीप्रमाणे चिडलो. ही बाई ब्रश धुण्यात अजून किती वेळ घालवणार?

फाटकावरचा पहारेकरी नवा आहे, परभणीकडचा. त्याने विचारले, “कोणाला न्यायला आलात, आजोबा?”

“चित्रकलेच्या बाईंना. जरा आत जाऊन सांगा, मी थांबलो आहे म्हणून.”

तो आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात खुर्ची होती. “बसा आजोबा, पाणी घ्या,” तो म्हणाला. मग खाली बघत, “त्या बाईंचा फोटो लावलाय ना हॉलमधी. हार घातलेला.”

जन्मभर मुद्रिते तपासणाऱ्या मी त्याचे ‘हॉलमधी’ दुरुस्त केले नाही. माझी अवस्था काय झाली असेल, ते यावरून ओळख.

नलिनी, मला भीती वाटते. मरणाची नाही, त्याची तयारी तू गेलीस तेव्हाच झाली. भीती वेगळीच आहे. त्या खुर्चीवर मला तू गेल्याची बातमी पुन्हा एकदा नव्याने कळली. पहिल्या वेळी कळली होती तशीच, तितकीच. उद्या मी आपल्या मुक्ताला विचारीन, “आई कुठे आहे?” ती सांगेल. परवा पुन्हा विचारीन. ती बिचारी किती वेळा सांगेल? आणि मी किती वेळा ऐकू?

शनिवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात गेलो. मुक्ताला कळवले नाही. ती खराडीच्या कचेरीतून धावत आली असती आणि मला तिच्याकडे राहायला घेऊन गेली असती. डॉक्टर म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी.

“आजोबा, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा हं.”

“मी आपला आजोबा नाही. देशपांडे म्हणा,” मी म्हणालो.

“बरं, देशपांडे काका,” ती हसून म्हणाली. तीनपैकी दोन शब्द मी सांगितले, व्याकरणातल्या लिंगासह. तिसरा अजूनही आठवत नाही.

मग तिने वर्तुळ काढलेला एक कागद पुढे केला. “यात घड्याळाचे आकडे भरा, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.”

मला हसू आले. हे काय बालवाडीचे काम! बारा लिहिले, एक लिहिला, दोन, तीन... आणि सहाच्या जागी पोहोचेपर्यंत माझे बाराही आकडे संपले. डावी बाजू कोरी. काटे कोठे काढावेत, तेच कळेना. त्या मुलीने कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाली, “काका, सोमवारी घरच्या कोणालातरी घेऊन याल?” इतक्या हळू आवाजात आजवर मला कोणी नापास केले नव्हते.

घरी येऊन तुझ्या कपाटातला कंपास काढला. वर्तुळ निर्दोष आले. आकडे पुन्हा सगळे उजवीकडे.

आणि मग मला ते घड्याळ आठवले. तुलाही आठवत असेलच.

तुझ्या दुसरीच्या वर्गाने मिठाईच्या खोक्यांची घड्याळे केली होती. आइस्क्रीमच्या काड्यांचे काटे, रंगीत कागदाचे आकडे. खळ वाळावी म्हणून तू ती सगळी आपल्या गच्चीत मांडली होतीस. त्यांत रेणुका नावाच्या मुलीच्या घड्याळातले सगळे आकडे एका बाजूला दाटीने बसलेले होते. तू भाजीला गेलीस आणि मी काय केले? ते आकडे खरवडून काढले, कोनमापक घेतला आणि नवे आकडे कापून अगदी अचूक चिकटवले. तुला मदत केली, असे मला वाटत होते!

तू पिशवी खाली ठेवलीस आणि ते पाहिलेस.

“अहो, हे कोणी केलं?”

“मी. चुकले होते ते.”

“तिला विचारलंत? तिची आई कामावरून रात्री येते. ती मला म्हणाली होती, बाई, दुपारनंतर घरी कोणीच नसतं, म्हणून तिकडे आकडे नाहीत.” तू ते घड्याळ उचलून घेतलेस. “तुम्ही मुलांची चित्रंसुद्धा तपासता. चित्र तपासायचं नसतं हो, बघायचं असतं. तुमची ती लाल पेन्सिल एकदा मुळा-मुठेत सोडून या!”

खरवडलेले आकडे मी केरात टाकले होते. ते पुन्हा लावता येण्याजोगे नव्हते. प्रदर्शनात त्या मुलीने आपले घड्याळ भिंतीकडे तोंड करून टांगले. “हे माझं नाही,” एवढेच ती म्हणाली. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, आणि मी मात्र म्हणत राहिलो, की बरोबर ते बरोबर. त्या मुलीची क्षमा मी मागितली नाही. तुझीही नाही. का मागितली नाही मी?

आता माझ्याही घड्याळात डावीकडे कोणी नाही.

आज रविवार. सकाळपासून घरी काढलेल्या घड्याळाचा कागद टेबलावर आहे आणि शेजारी खोडरबर. भिंतीवरच्या घड्याळात पाहून एकेक आकडा उतरवून काढला, तर कदाचित जमेलही. तसा सराव करून उद्या त्या डॉक्टर मुलीला बिनचूक घड्याळ काढून दाखवावे आणि घरी परत यावे, कोणाला काही सांगू नये, असा बेत होता. पण दोनदा खोडरबर हातात घेतले आणि दोन्ही वेळा तुझे “अहो” ऐकू आले. तू रागावलीस की नेहमी एवढेच म्हणायचीस. तेच पुष्कळ व्हायचे.

तेव्हा वचन देतो. हे पत्र संपवून मुक्ताला फोन करीन. “काही नाही, सहज केला” असे म्हणणार नाही. घाबरलो आहे, असेच म्हणेन. उद्या तिच्याबरोबर जाईन. घड्याळ दुरुस्त करणार नाही. जसे आले आहे तसेच तिच्या हातात देईन. ती तुझी मुलगी आहे, ती तपासणार नाही.

आणखी एक. तू रोज दहा मिनिटे उशिरा बाहेर यायचीस, आणि मी रोज मनगट पुढे करून तुला घड्याळ दाखवायचो. तुझी बोटे अजून ओली असायची. पुन्हा कधी मी नकळत त्या फाटकाशी येऊन उभा राहिलो, तर तू सावकाश ब्रश धू. मी घड्याळाकडे पाहणार नाही.

तुझा,
श्रीधर