न सापडणाऱ्यांचा पत्ता

१० फेब्रुवारी
आलो एकदाचे! कनेरगाव नाक्यावर, शकुंतलाबाईंच्या ढाब्यामागच्या दोन नव्याकोऱ्या खोल्यांत. भिंतींना अजून चुन्याचा वास आहे. धम्मानंदचं काम वाशीम रस्त्यावरच्या पुलावर, त्याला मोटारसायकल. माझं काम लॅपटॉपवर, मला बाजेवरून उठून टेबलापर्यंत यायचं, संपलं. लग्न झाल्यापासून तो या पुलावरून त्या पुलावर आणि मी पुण्यात. एका छपराखाली आत्ता कुठे राहणार आहोत. फार आनंदात आहे मी.
घरमालकीण शकुंतलाबाईंनी सामान उतरतानाच चौकशी केली, की तुमी दिवसभर घरी बसून काय करून राहिल्या. म्हटलं, वेबसाइटी बनवते. बरं हाय, हातपाय तरी मळत न्हाईत, म्हणाल्या आणि वांग्याची भाजी देऊन गेल्या. ती इतकी जहाल की धम्मानंदच्या डोळ्यांत पाणी. मी पोट धरून हसले.

१४ फेब्रुवारी
मावशींना (शकुंतलाबाई आता मावशी झाल्या) आज माझं काम समजावलं. कंपनी स्वतःचं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटींचा तयार सांगाडा, बनवतेय, त्यातला रूटर माझ्याकडे. माणूस ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो. रूटर तो पत्ता तिरप्या रेघांवर तोडतो, जिल्हा, गाव, घर असा, आणि माझ्या नियमांशी वरून खाली ताडून बघतो. जो नियम आधी जुळला, त्या दारात माणसाला सोडतो. मावशी म्हणाल्या, म्हंजे गोरेगावच्या जीपवाल्यावानी, तोबी कुणाचं घर इचारूनच उतरवतो. बराबर!
आणि एकही नियम जुळला नाही, तर ‘सापडत नाही’ असं कोरडं पान येतं. ते मला मेलं कधीच पटलं नाही. दारी आलेल्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावायचं, ही कुठली रीत? म्हणून आज सगळ्यात खाली एक नियम घातला: ज्याचा पत्ता कुठेच जुळत नाही, त्याला इकडे पाठवा. चाचणीपुरता ‘इकडे’ म्हणजे आमच्याच घराचा पत्ता टाकला.
पुण्याहून विजयकुमार सर, माझे वरिष्ठ, फोनवर म्हणाले की सगळ्यांना पोटात घेणारा नियम जपून लिही, त्यात काय येऊन पडेल सांगता येत नाही. सरांना चहाच्या कपातही धोका दिसतो.

१७ फेब्रुवारी
दुपारी एक म्हातारा दारात आला. धोतर, खांद्यावर घोंगडी. आपल्या गावाचं नाव सांगून वाट विचारत होता. मला ते गाव माहीत नव्हतं. त्याला पाणी दिलं आणि मावशींना हाक मारली. नाव ऐकताच त्या मला आत घेऊन म्हणाल्या, ते गाव धरणात बुडालं, आमी लेकरं व्हतो तवा.
म्हातारा भिंतीला टेकून बसला आहे. संध्याकाळी धम्मानंदने त्याला भाकरी नेऊन दिली. त्याने हात लावला नाही. चुकला असेल बिचारा, उद्या पोलिसपाटलांना सांगू, असं ठरलं.

२० फेब्रुवारी
पोलिसपाटील येऊन गेले. नाव विचारलं की म्हातारा गावाचं नाव सांगतो, तेवढंच. आणि आता तो एकटा नाही. रस्ता रुंद करताना पडलेल्या एका घराचा नंबर विचारत एक बाई आली. कधीच्या बंद पडलेल्या वीटभट्टीचा पत्ता विचारत नवराबायको आले. सगळे भिंतीशी बसतात. सावली सरकते, ते सरकत नाहीत. भर उन्हात एकालाही घाम नाही.
सरांचा फोन आला. माझ्या शेवटच्या नियमात कसलेकसले पत्ते येऊन पडतायत म्हणाले, आणि गंमत म्हणून पहिला वाचून दाखवला. म्हाताऱ्याचं गाव होतं.
सरांना काय सांगू? मला भीती वाटते आहे.

२१ फेब्रुवारी
नियम काढून टाकला. आलेले गेले नाहीत. अंगण भरत आलं आहे.
मावशींनी ढाब्याला कुलूप लावलं, लेकीकडे कुरुंद्याला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, पोरी, तू काहून बोलावलं यांना? मी बोलावलं नाही म्हणाले. पण बोलावलंच ना. हात दाखवून अवलक्षण.
धम्मानंद म्हणतो, धीर धर, परवा टेम्पो मिळतोय, सगळं गुंडाळून निघू.

२३ फेब्रुवारी, दुपार
तो टेम्पोचं बघायला गेला आणि ते घरात आले. म्हातारा बाजेपाशी उभा होता. नुसता उभा. मी किंचाळले, तरी उभाच.
सुचलं ते केलं. सगळ्यात वर नवा नियम लिहिला: हे घर कुणीही विचारलं तर — सापडत नाही. वरचा नियम आधी जुळतो.
मान वर केली तर खोली रिकामी. अंगण रिकामं. मी रडले, मग हसले, मग दोघांपुरता चहा टाकला.

संध्याकाळ
धम्मानंदचा फोन. नाक्यावर उभा आहे. ढाबा दिसतो, ढाब्यामागे नुसता हरभरा दिसतो, घर नाही. म्हणाला, पल्लवी, थट्टा पुरे.
मला तो खिडकीतून दिसतो आहे. मी हात हलवला, ओरडले. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याला हरभरा दिसत होता.

२४ फेब्रुवारी
अंगणातून निघते, ढाब्याकडे चालते, आणि अंगणातच येते. सकाळपासून हेच.
नियम खोडायला गेले. पान उघडेना — सापडत नाही. फोन केला तर सर म्हणाले, तुझी फाईल आम्हालाही सापडत नाही. फक्त चौदा तारखेची प्रत शिल्लक आहे, ती परत चढवू शकतो. त्या प्रतीत तो खालचा नियम आहे. ती चढवली की ते सगळे पुन्हा —
नको म्हटलं. धम्मानंद ढाब्याच्या बाकावर बसून आहे. जा म्हटलं तर जात नाही.

२५ फेब्रुवारी, सकाळ
त्याचा फोन. आवाज खोल गेलेला. आपली खोली कोणत्या गावात, असं मलाच विचारत होता. नाव सांगितलं. पुन्हा विचारलं. मग फोन बंद.
सरांना सांगितलं, चढवा. येऊ देत सगळे. तो तर येईल. तो आला की मला कुणाचं भय नाही.

दुपार
आले. म्हातारा, ती बाई, भट्टीवाले, मागे किती तरी. रस्त्यापर्यंत माणसंच माणसं — आणि त्यांच्यात धम्मानंद! निळा शर्ट, हातात हेल्मेट. आला! धावले —

आत्ता कळतंय. त्या प्रतीत आमच्या घराला स्वतःचा नियमच नव्हता. मी कधी लिहिलाच नाही. इथे यायला एकच वाट होती, ज्यांचं कुठेच काही सापडत नाही त्यांची. त्याच वाटेने मी त्याला —

हाक मारली. त्याने मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्याच कुणाला हाक मारतेय असं. मग त्यांच्याजवळ जाऊन बसला.

पाणी नेलं. उठून उभा राहिला. हात जोडले, जय भीम ताई म्हणाला. ताई. आणि पत्ता विचारला. पल्लवीचा. म्हणाला, माझी बायको आहे, वाट बघत असेल. मी त्याचे खांदे धरले, सांगितलं, मीच, अरे मीच ती — त्याने नीट ऐकून घेतलं. मान हलवली. आणि पुन्हा हात जोडून विचारलं, ताई, पल्लवी कुठं —