आजोबांच्या उशाशी

प्रिय ऊना,

तू पाच वर्षांची असताना आपण शेताच्या कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तोडायला जायचो. टोपली रिकामीच परत यायची, कारण तू खात सुटायचीस आणि मी तुला कधी अडवलं नाही.

पुढे तू मोठी झाल्यावर आजोबा गेले, तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे त्यांना बैठकीच्या खोलीत उघड्या शवपेटीत ठेवलं होतं. शेजारपाजारचे लोक चहा पीत त्यांचे किस्से सांगत, हसत होते. तू मात्र त्यांचा हात धरून रडत होतीस. आपल्या दुःखाला सोबत मिळाली असं वाटून मी तुझ्याजवळ बसले आणि माझाही बांध फुटला.

मग तू डोळे पुसलेस आणि फुलदाणीला टेकवलेला फोन उचलून पाहिलास.

"आजी, मागे ब्रीजकाकू हसतेय बघ. सगळं फुकट गेलं. पुन्हा तशीच रड ना."

"आजोबा आहेत गं ते."

"म्हणून तर लोक बघतील."

तू रुसू नयेस म्हणून मी पुन्हा रडले. या वेळी तू म्हणालीस, "मस्त."

हे पत्र मी पाठवणार नाही. मी गेल्यावर काय करायचं, तेवढं तुझ्या बाबाला सांगून ठेवलं आहे. जपमाळ ब्रीजला द्यायची. आजोबांचं घड्याळ त्याने स्वतः ठेवायचं. माझी सोन्याची साखळी तुला, आणि ती मी मनापासून देते आहे. माझा चेहरा मात्र गावाने पाहायचा. तू दारात आलीस की शवपेटीचं झाकण लावायचं.

तुझीच,
आजी