पाठीवर उभे राहिलेले घर

मी, खाली सही करणारी, लष्करी रुग्णालयातली माजी नर्स, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कंबर आणि डावा पाय ठिकाणावर नाहीत, पण या कामी त्यांची गरज नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणून पाहावे. पूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढचे अंगण, माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, द्यावे. हे घर कसे आले ते लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, आत्याला फुकटात मिळाले.

नोकरीत असताना आमची रुग्णवाहिका घाटात कलंडली. ड्रायव्हर बेशुद्ध, आत एक धिप्पाड जखमी जवान अडकलेला. मी एकटीने त्याला मागच्या दारातून ओढून काढले. तो वाचला. ओढताना काहीतरी कडकन वाजले. मला वाटले, गाडीचा पत्रा. पत्रा नव्हता. मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली होती. आधी डाव्या पायात मुंग्या आल्या, मग पाऊल उचलेनासे झाले. रस्त्यात चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि कोणी हाक मारून सांगेपर्यंत मला पत्ता नसायचा.

नोकरी सुटली. अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी अर्ज केला. वैद्यकीय मंडळाने कळवले की रुग्ण उचलणे हे नर्सचे रोजचेच काम आहे, आणि या वयात बायकांच्या कंबरा दुखतातच. मी अपील केले. वाचलेल्या जवानाला साक्षीला बोलवावे म्हटले, तर त्याला काहीच आठवत नव्हते. शुद्धीत नसलेला माणूस साक्ष काय देणार?

२. मागची खोली दादाने हयात असेपर्यंत वापरावी. त्याला तिथून कोणी हलवू नये. भाचीला याचे नवल वाटेल, कारण तिच्या लहानपणी आत्या तिच्या बापाशी बोलत नव्हती. कारण असे.

अपिलाच्या चौकशीला एक अधिकारी दादाच्या घरी गेला. गोड माणूस, चहा घेऊन निवांत बसला. ऐकणारा भेटला की दादाच्या जिभेला हाड राहत नाही. त्याने हसत हसत सांगितले की ही लहानपणी अंगणातल्या झाडावरून पडली, तेव्हापासून कंबर धरूनच चालते. अपील फेटाळले गेले. कारण लिहिले होते : दुखणे बालपणापासूनचे.

मी जाब विचारायला गेले. दादा म्हणाला, "अगं, गप्पांच्या ओघात बोललो. त्यात काय एवढं?"

"त्यात माझी कंबर होती," मी म्हणाले, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या घराची पायरी चढले नाही.

त्या काळात मी भाड्याच्या खोलीत वरच्या मजल्यावर राहायचे आणि जिना बसून बसून चढायचे. खालच्या दवाखान्यात स्टुलावर बसून इंजेक्शने देऊन पोट भरले. घरमालक जिन्यात उभे राहून म्हणायचे, "काय नाटकं लावलीत, सिस्टर." त्यांना या मिळकतीतून काहीही देऊ नये. ते वारले असले तरीही.

मग दुसरे अपील. सुनावणीला माझे नाव पुकारले, तेव्हा माझ्या पाठोपाठ दादा आत शिरला. मी बोलावले नव्हते. वहिनीशी माझे बोलणे होते, तिच्याकडून त्याला तारीख कळली असावी. अध्यक्षांनी विचारले, "आपण कोण?"

दादा म्हणाला, "झाडावरून पडलेला माणूस."

मग त्याने सगळे सांगितले. पडला होता तो. मी खाली उभी होते आणि आईला हाका मारत होते. पुढे मित्रांत, सासुरवाडीत तो ही गोष्ट सांगायचा. पडणाऱ्याला सगळे हसायचे, म्हणून पडण्याचे काम त्याने माझ्याकडे दिले, ते तसेच चालू राहिले. अध्यक्षांनी पुरावा मागितला. दादाने सदऱ्याच्या गुंड्या काढल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. खांद्याखाली फांदीने फाटल्याची लांब खूण होती.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"लाज वाटली," दादा म्हणाला. "खोटं बोलल्याची नाही. पडल्याची."

त्यानंतर मंडळाने माझी भरतीच्या वेळची तपासणी पुन्हा काढली. त्यात लष्कराच्याच डॉक्टरांनी मला धडधाकट ठरवले होते. अपील मंजूर झाले. त्या दिवशी सुनावणीतून बाहेर आल्यावर दादा सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लावू लागला, म्हणून त्या मी लावून दिल्या. बोलणे मात्र सुरू व्हायला आणखी बरेच दिवस लागले, आणि ते वहिनीच्या आजारपणात सुरू झाले.

मागची थकबाकी एकदम हाती आली, तिचे हे घर झाले. याला एकही पायरी नाही. भाचीने हौसेनेही बांधू नये.

३. पुढच्या खोलीत माझ्याकडे पाठीचे आणि नसांचे दुखणे असलेले माजी जवान येतात. तुटलेला पाय दिसतो, दबलेली नस दिसत नाही, ही त्यांची खरी अडचण. मी त्यांना एवढेच शिकवते : मंडळापुढे ताठ उभे राहू नका. घरात जसे उभे राहता तसे राहा. जवानाला हे फार जड जाते. तोफखान्यातले एक हवालदार दर वेळी कडक सलाम ठोकून आत जायचे आणि नामंजुरी घेऊन यायचे. त्यांच्या बुटाच्या नाड्या रोज बायको बांधायची. मी तिला सांगितले, मंडळापुढे जायच्या दिवशी बांधू नकोस. डॉक्टर म्हणाले, "नाडी सुटली आहे, बांधून घ्या." हवालदार वाकायला गेले ते टेबल धरून तसेच राहिले, आणि पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले. त्यांचे काम झाले.

आठवड्यातून एक दिवस ही खोली अशा लोकांसाठी उघडी ठेवावी. ही अट नाही, विनंती आहे. चहा भाचीने करावाच असे नाही; येणाऱ्यांना गॅस पेटवता येतो.

४. बँकेत जे उरेल ते भाचीचे. रक्तदाब मोजायचे यंत्र दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना. पायाला बांधायचा पट्टा आणि काठी ज्याला गरज असेल त्याला, धुऊन पुसून.

५. मी गेल्यावर मला उचलायला चौघे लागतील. मी दिसते त्याहून जड आहे. गुडघे वाकवावेत, पाठ नको. एकाने मोजावे, सगळ्यांनी एकदम उचलावे. ज्याची पाठ दुखत असेल त्याने हात लावू नये, आणि दुखते हे सांगायला लाजू नये.

हे सारे मला वाचून दाखवले, मी ऐकले, दोन शब्द बदलले आणि सही केली.

लिहून देणार : सिस्टर (सही)

आमच्यासमोर सही झाली, आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या :
१. वकीलबाई (सही)
२. शेजारचे शिंपीकाका (सही)

ठिकाण : घराची पुढची खोली
तारीख : बारा मार्च, मंगळवार