तुतवारांचा चार दिवसांचा मुक्काम

लोणखेडा, शुक्रवार, १० ऑक्टोबर

शेतीतलं सासऱ्यांना सांगणारी मी कोण? चार दिवस हीच टोचणी होती. पण आज खूप बरं वाटतंय.

परतीच्या पावसाने खालच्या वावरात पाणी साचलं आणि सोमवारी त्यात तीसेक तुतवार उतरले. पार सैबेरियाकडून उडत आलेले, चिमणीहून जरासे मोठे. थकून चिखलातच बसले. एक तर काही खातही नव्हता. आप्पा बांध फोडून पाणी काढायला निघाले होते.

मी म्हटलं, "आप्पा, चार दिन थांबा ना. पोट भरीसन त्या पुढे जातीन."

"मंग मी हरभरा कव्हय पेरू?" चिडले, पण थांबले.

मग नुसतं खाणं चाललं! न खाणाराही बुधवारी चोच खुपसू लागला, तेव्हा मला हसूच आलं. काल सगळे कसे गोल दिसत होते. आज सकाळी वावर रिकामं. गेले.

आप्पांनी लगेच बांध फोडला. पण एका कोपऱ्यात मातीची पाळ घालून थोडं पाणी राखलं.

"हाई कसाले, आप्पा?"

"एखादं मांगे ऱ्हायेल व्हई तं?"