गाडी घेतली ती देवासाठीच

रविवार, १ सप्टेंबर
गाडी दारात आली. सेकंड हँड, पण आधीचा मालक डॉक्टर, म्हणजे स्वच्छ हातातली. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो की गाडी घेतली ती देवासाठीच. बसने धक्के खात चर्चला पोचलं की उपासनेत मन कुठून लागणार? आता लागेल.
आज मात्र गेलो नाही. पहिल्याच दिवशी गाडी रस्त्यावर एकटी सोडणं जिवावर आलं. बायको बसने गेली. जाताना काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला लागतं.

शनिवार, ७ सप्टेंबर
धाकट्या बहिणीचा फोन. बाळाचा बाप्तिस्मा २९ तारखेला, बाळाच्या वतीने देवाला वचन देणारा धर्मपिता मीच. ‘तुझ्याशिवाय मला आहे कोण, दादा?’ म्हणाली. लगेच हो म्हटलं. चर्चच्या पाळकसाहेबांची अट अशी की धर्मपित्याने १५ आणि २२ तारखेला उपासनेनंतर शिकवणीला बसायचं. दोनच रविवार? मी चार बसलो असतो.

रविवार, १५ सप्टेंबर
वायपर कुरकुरतोय. म्हटलं, जाता जाता गॅरेजवाल्याला दाखवू. पाहतो तर शटर बंद. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, रविवारी तो चर्चला जातो. ऐन सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडून! विश्वास ठेवायचा तरी कुणावर? शटरसमोर गाडीत बसून वाट पाहिली. दुपारी महाशय उगवले. वायपरला तेलाचा थेंब सोडला, आणि पाळकसाहेब शिकवणीला तुमची वाट पाहत होते, असंही सुनावलं. उशीर त्याच्यामुळेच झाला, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

रविवार, २२ सप्टेंबर
पॉलिशवाल्याला आजचाच वेळ होता. पण वेळ फुकट घालवला नाही. बॉनेट पुसता पुसता धर्मपित्याची उत्तरं पाठ केली. पाळक विचारतात, ‘जगाचा आणि त्याच्या मोहाचा त्याग करता का?’ आपण म्हणायचं, ‘होय, त्याग करतो.’ आवाज छान लागतो माझा. पॉलिशवाला म्हणाला, दारालाही एक हात मारू का? म्हटलं, मार.
संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन. मी सांगितलं, शरीराने नसलो तरी मनाने तिथेच होतो. ते म्हणाले, ‘मन पोचलं हो. पण बाळ चांगलं वजनदार आहे, धरायला हात लागतील.’
चेष्टा करतात. पाळकांनी असं बोलावं?

रविवार, २९ सप्टेंबर. दुपार.
दगा. शुद्ध दगा.
बायको सकाळीच बसने बहिणीकडे गेली. मी सुटाबुटात, वेळेच्या बराच आधी चर्चपाशी हजर. पण गाडी लावू कुठे? फाटकाशी झाड, झाडावर कबुतरं. भिंतीजवळ पोरांचा चेंडू. पलीकडे स्कूटर, म्हणजे ओरखडे. चार गल्ल्या फिरून शेवटी बँकेच्या मागे मनासारखी जागा मिळाली. तिथून पळतच आलो. आत शिरतो तर बाप्तिस्मा उरकलेला, आणि माझं बाळ गॅरेजवाल्याच्या हातात!
बहिणीला बाहेर गाठलं. म्हटलं, सख्ख्या भावाला डावलून मेकॅनिक? ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, ‘दादा, सगळे थांबलो होतो. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, या बाळासाठी कोण उभं राहणार? मी म्हटलं, येईल तो. बाळ झोपलं, उठलं, परत रडायला लागलं. मग हे गॅरेजवालेच उठून उभे राहिले. मी बोलावलं नव्हतं.’
म्हणजे तिलाही तो चालला! बायकोलाही चालला. त्या माणसाचे हात मी पाहिलेत, नखांत ग्रीस असतं. बाळ मात्र त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेलं.

मंगळवार, १ ऑक्टोबर
कुणाचा फोन नाही. मीही करणार नाही. चूक त्यांची आहे.

रविवार, ६ ऑक्टोबर
मन मोठं केलं. सगळ्यांना माफ केलं. पहाटेच गाडी धुतली, सीटवरचं प्लास्टिक काढलं, बहिणीच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. म्हटलं, आज सगळ्यांना चर्चला नेतो. दार उघडेना. वरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, सगळे केव्हाच बसने गेले. घरी परतलो, तर बायकोही गेलेली.
पूर्वी निघताना ती दारात थांबून विचारायची, येताय ना? कधीपासून विचारेनाशी झाली, ते आठवेना. मला टाकूनच दिलं सगळ्यांनी.
दारातच गाडीत बसून राहिलो. मागच्या सीटवर. तिथे कधी बसलोच नव्हतो, पाय छान पसरता येतात. पाळकसाहेबांच्या आवाजात मीच मोठ्याने विचारलं, जगाचा आणि त्याच्या मोहाचा त्याग करता का? ऐकायला कुणी नव्हतं. उत्तर तर पाठ होतं.
तेवढ्यात बॉनेटवर कबुतराची घाण दिसली. वाळली की डाग धरते. फडकं घेऊन उतरलो.