खांद्यावरचा बिब्बा

प्रिय अक्का,

कालपासून आपल्या स्वातीच्या नावामागे डॉक्टर लागलं. तू जाऊन वर्ष होत आलं, तरी घरातली बातमी आधी तुला सांगायची सवय काही मोडत नाही. आणि ही बातमी तर निम्मी तुझीच आहे.

माझी लेक काय शिकते, असं आपल्या हट्टा गावात कुणी विचारलं की तू ऐटीत सांगायचीस, "कातडीची डॉक्टर होऊन राहिली." तसली डॉक्टर नाही गं ती! ती पेशींचा अभ्यास करते. आपल्या पेशींमधली जनुकं चालू-बंद करणारी काही प्रथिनं असतात. जखम झाली की ती कातडीच्या पेशींना कामाला लावतात आणि जखम भरली की थांबवतात. पण काहींच्या अंगात हे थांबवणंच होत नाही. वाफा भरून पाणी बांधावरून चाललं तरी विहिरीवरची मोटार सुरूच, असं स्वातीनं मला समजावलं. मग व्रण जखमेपेक्षा मोठा होत जातो. तुझ्या खांद्यावरचा झाला तसा.

त्याची सुरुवात विसरली नसशील. तू बारा वर्षांची, मी नऊ. कापसाचं गाठोडं उचलताना तुझा खांदा लचकला. आई रानात गेलेली. मी मोठ्या माणसासारखा बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्यावर धरला. दुखऱ्या जागी आई त्याच्या तेलाचे दोन-तीन ठिपके द्यायची. लवकर बरं वाटावं म्हणून मी सगळा खांदाच माखला! बिब्बा उतला, फोड आले, कातडी सोलून निघाली. संध्याकाळी आईनं विचारल्यावर तू म्हणालीस, मीच लावला. मारही तूच खाल्लास. मी चुलीमागे उभा होतो.

जखम भरली, पण व्रण वाढतच गेला. खाजायचा, ठणकायचा. तू जन्मभर दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलास आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. एकदा तरी बोलायचंस ना, अक्का!

नांदेडला व्रण काढायचं ठरलं तेव्हा मी सोबत होतो. जखम कशानं झाली ते डॉक्टर कागदावर लिहून घेत होते. माझ्याकडे न बघता तू सांगितलंस, "बिब्ब्यानं. मीच लावला व्हता." इतक्या वर्षांनीही! मग त्यांनी विचारलं, काढलेला तुकडा संशोधनाला दिला तर चालेल का? तू हसलीस.

"न्या की. इतके दिवस मी सांभाळलं, आता तुमी सांभाळा."

जन्मभर पदराआड ठेवलेली गोष्ट तू अशी देऊन टाकलीस. माझा ऊर भरून आला होता. सांगायचं राहिलं.

तो तुकडा स्वातीच्याच प्रयोगशाळेत गेला. पण तिथे नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा. तुझा कोणता, हे तिलाही ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक नमुना आत्याचाच समजून उघडते, म्हणाली. त्या पेशींमधलं असं एक प्रथिन तिनं अडवलं, आणि काचेच्या ताटलीत त्यांची बेसुमार वाढ मंदावली. औषध व्हायला अजून फार अवकाश आहे, हेही लगेच बजावलं. बापासारखी वाढवून सांगत नाही ती.

मी बिचकत विचारलं, मग बिब्ब्याचा दोष नाहीच का? ती म्हणाली, "जखम बिब्ब्यानंच झाली, बाबा. व्रण वाढत गेला तो अंगातल्या बिघाडानं. पण आत्यानं तरी एवढा काहून लावला असेल?"

मी विषय बदलला. पुन्हा एकदा चुलीमागे.

स्वाती रविवारी घरी येते आहे. आधी तिला सांगेन. मग तिला घेऊन नांदेडला जाईन आणि तुझ्या कागदावरची ती ओळ दुरुस्त करून मागेन. डॉक्टर हसले तर हसू देत. तू माझं नाव कुठे लागू दिलं नाहीस, अक्का. आता ते मीच सांगतो.

बिब्बा लावणारा,
तुझा धाकटा भाऊ बाळू