ढोलीतली पांढरी पिसं

प्रिय ताई,

आज सकाळी आंब्याला शिडी लावली, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या खिडकीतून त्याच्या ढोलीत काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. तू गेल्यावर खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीत पहिल्यांदाच बसलो होतो. वर चढून हात घातला. पिसं! सात. सगळी टोकं आत वळवून नीट अंथरलेली. आता तूच सांग, ही कोणाची?

दर थंडीत तू हाक मारायचीस, "बंडू, ती चिमुकली आली पाह्य! पाठ निळी, पोट पांढरं. उडता-उडता किडे खाते अन् ढोलीत घुसते."

मी आतूनच ओरडायचो, "दयाळ असेल!"

"दयाळ मला ओळखू येत नाही का रे? तो शेपटी उभी करून बसते. ही भिंगरी आहे."

"थंडीतली भिंगरी इथे घरटं करत नाही, ताई. अन् ढोलीत तर कोणतीच जात नाही!"

"अच्छा! चलो, मग तिलाच समजावून सांग!"

पक्षी मला कोणी शिकवले नाहीत. जुनी पुस्तकं आणि एक दुर्बीण, बस. त्याचा ताठा होता, कबूल. तुझ्या वहीतल्या 'भिंगरी, ढोलीत' या ओळीवर मी लाल काट मारली. तू हसलीस, "काहून रे, लाल पेन घेऊनच जन्मला का तू?" पुढची सगळी पानं मात्र कोरी. तेव्हा भांडली काहून नाहीस?

दुपारी पुस्तकं पुन्हा काढली. ढोलीत राहणारी, पिसं अंथरणारी एक लहान भिंगरी असते, ताई! पण समुद्रापार, दुसऱ्या खंडात. आपल्या घमापुरात ती कशी येईल? पिसं खारीनेही नेली असतील. मग तू काय पाहत होतीस?

फॅक्टरीत तपासणीच्या टेबलावर इतकी वर्षं काढली. माल हातात घेतल्याशिवाय कधी रिजेक्ट केला नाही. तुझी भिंगरी न पाहताच केली. खिडकी दहा पावलांवर होती. तू हाका मारून राहिली होतीस आणि मी उठलो नाही.

पिसं होती तशीच परत ठेवली आहेत. येत्या थंडीत मी तुझ्या खुर्चीत बसेन, तुझी वही मांडीवर, हातात पेन्सिल. जे दिसेल ते लिहीन. नावाची घाई करणार नाही. आणि कोणी आलं नाही, तरी उठणार नाही.

तुझा
बंडू